मुंबईहून क्रूझवर निघताना: घरचा आणि मित्रांचा गोतावळा घेऊन पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी

क्रूझचं नाव निघालं की घरातून पहिला प्रश्न येतो, "तिथे बघायला काय काय आहे?" उत्तर आधीच देऊन टाकते: फार काही नाही. मुंबईहून निघालेलं जहाज गोव्याच्या मुरगाव बंदरात दिवसाचे काही तास थांबतं, लक्षद्वीपची फेरी असली तर तिथे त्याहूनही कमी, आणि बाकी सगळा वेळ पाण्यात. ज्याला गोवा बघायचाय त्याने सरळ कोकणकन्या पकडावी, स्वस्तात आणि नीट बघून होईल.

क्रूझ असते ती आपल्याच माणसांसाठी. आजीपासून नातवंडांपर्यंत सगळे एका छताखाली, कुणाला पोळ्या लाटायच्या नाहीत, कुणाला घाटात गाडी चालवायची नाही, आणि एखाद्याला सगळ्यांचा कंटाळा आला तर रुसून जाऊन बसायला अकरा मजले आहेत. हे हवं असेल तर पुढचं वाचा.

सगळं लिहिताना मुंबई–गोवा–लक्षद्वीप–कोची हा पट्टा डोळ्यासमोर आहे. 2021 पासून इथे कॉर्डेलिया कंपनीचं 'एम्प्रेस' फिरतंय. 1990 साली फ्रान्समध्ये बांधलेलं, 211 मीटर लांबीचं, 11 डेकचं जहाज. आधी ते रॉयल कॅरिबियनच्या ताफ्यात होतं. वय सांगायचं कारण एवढंच की त्या काळच्या जहाजांत केबिन लहान असतात आणि बाल्कनीवाल्या केबिन मोजक्या. परदेशातल्या नव्या अजस्र जहाजांचे व्हिडिओ बघून तशी अपेक्षा ठेवली, तर पहिल्याच संध्याकाळी कुणाचं तरी तोंड वाकडं होणार.

1. महिना आणि रात्री

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. बाकी महिन्यांची चर्चा शाळेच्या सुट्ट्यांमुळे करावी लागते, पण समुद्राला विचाराल तर हेच चार महिने. ऑक्टोबर चालतो, मार्च-एप्रिल चालतात, मात्र डेकवर दुपारी उभं राहवत नाही. मेच्या शेवटी अरबी समुद्राला फुगवटा यायला लागतो. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै मासेमारीलाही बंदी असते. 'एम्प्रेस'सुद्धा पावसाळ्यात चेन्नईच्या बाजूला जात आलं आहे.

पहिल्या खेपेला तीन रात्री पुरे. दोन रात्रींची वीकेंड फेरी स्वस्त वाटते, पण पहिली संध्याकाळ चढण्यात जाते आणि दुसरी बॅगा भरण्यात. शिवाय यातल्या काही फेऱ्या कुठल्याच बंदराला लागत नाहीत, खोल समुद्रात जाऊन परत येतात, तेव्हा बुक करण्याआधी मार्ग वाचा. पाच रात्रींची लक्षद्वीपची फेरी सुंदरच, पण आपल्यातल्या कुणाकुणाला बोट लागते हे एकदा कळल्यावर.

2. माणसं मोजा, मग केबिन

इथे वेळ घालवा. बाकी चुकलं तर जहाजावर निस्तरता येतं, केबिनचं चुकलं तर नाही.

आधी प्रत्येक घराकडून शेवटचा होकार घ्या. "बघू, कळवतो" म्हणणारे काका ऐन वेळी सोळाचे सतरा करतात आणि सगळी वाटणी कोलमडते. तारीख द्या, त्या तारखेपर्यंत आगाऊ पैसे आले तेच येणार, असं ग्रुपवर स्पष्ट लिहा. वाईटपणा येतो, येऊ द्या. बुकिंग मात्र एकाच माणसाने करायचं. प्रत्येक घराने आपापलं केलं तर एक कुटुंब चौथ्या डेकवर पुढच्या टोकाला आणि दुसरं नवव्यावर मागच्या टोकाला जातं.

केबिनचे ढोबळ चार प्रकार: बिनखिडकीची आतली, समुद्राकडे खिडकी असलेली (ही खिडकी उघडत नाही), बाल्कनीवाली, आणि मोठा सूट. साधी केबिन जेमतेम सव्वाशे चौरस फुटांची असते. रेल्वेच्या फर्स्ट क्लासच्या कूपेला एक न्हाणीघर जोडलं तर कसं दिसेल, तशी. तीन-चार जणांच्या केबिनमध्ये वरच्या बर्थ भिंतीतून किंवा छतातून खाली येतात आणि चढायला शिडी. तिसऱ्या-चौथ्या माणसाचं भाडं बरंच कमी असतं, म्हणून चौघांना एका केबिनमध्ये कोंबायचा मोह होतो. दोन लहान मुलं असतील तर खुशाल करा, वरच्या बर्थवरून त्यांच्यात भांडणं होतील इतकी ती जागा त्यांना आवडते. पण चार मोठी माणसं, एकच बाथरूम आणि चार बॅगा हे गणित बसत नाही.

आता जागा. जहाज डुलतं तेव्हा टोकं जास्त हलतात, मधला भाग कमी, आणि वरचे मजले खालच्यांपेक्षा जास्त. म्हणून आजी-आजोबा, गरोदर वहिनी, आणि एसटीत कोपऱ्यातली सीट धरून डोळे मिटून बसणारा जो कुणी घरात असेल तो, यांच्यासाठी खालच्या-मधल्या डेकवरची, लांबीच्या मधोमध असलेली केबिन घ्या. नवखे लोक उलटं करतात, वडीलधाऱ्यांना मान म्हणून सगळ्यात वरची, पुढची केबिन देतात.

बुक करण्याआधी डेकचा नकाशा मागा, किंवा कंपनीच्या साइटवर बघा. आपल्या केबिनच्या बरोबर वर आणि खाली काय आहे ते पाहायचं. वर स्वयंपाकघर असेल तर पहाटे चारला ट्रॉल्या सरकतात. खाली नाचगाण्याचा हॉल असेल तर रात्री दोनपर्यंत ढोल. वर-खाली दोन्हीकडे केबिनच असलेली जागा सगळ्यात शांत. लिफ्टच्या समोरची नको, पण लिफ्टपासून चार दारं सोडून असलेली गुडघेदुखीवाल्यांसाठी उत्तम, कारण ही जहाजं लांब असतात आणि जेवायला जायचं म्हणजे बरीच चाल होते.

बाल्कनीवर पैसे घालावेत का? माझं मत: सगळ्यांनी मिळून एकच बाल्कनी घ्यावी आणि ती ज्येष्ठांना द्यावी. संध्याकाळी चहा घेऊन सगळे आळीपाळीने तिथेच येतात, आणि आजीला गर्दीच्या डेकवर न जाता समुद्र दिसतो. पायाखाली लुडबुडणारं दोन-तीन वर्षांचं मूल ज्या केबिनमध्ये आहे, तिथे मात्र बाल्कनी नकोच. खुर्ची ओढून कठड्यावर चढायला त्यांना अर्धं मिनिट लागतं.

कुठली बाजू हेही ठरवता येतं. गोव्याकडे जाताना जहाजाच्या तोंडाकडे बघून उभं राहिलं तर डाव्या हाताला किनारा आणि सूर्योदय, उजव्या हाताला मोकळा समुद्र आणि सूर्यास्त. परत येताना उलट.

3. जाहिरातीतला आकडा आणि खरा आकडा

जाहिरातीत असतं ते माणशी भाडं, आणि तेही दोघांनी एक केबिन वाटून घेतली तर. एकटं माणूस एकट्या केबिनमध्ये राहणार असेल तर जवळपास दुप्पट पडू शकतं, हे विधुर काकांना किंवा एकट्या आत्याला आधीच सांगा, म्हणजे आजीबरोबर राहायचं की कसं ते ठरवतील. भाड्यावर बंदराचे शुल्क, जीएसटी आणि सेवकवर्गाची टीप चढते. कंपनीला एकच वाक्य विचारा: "सगळं धरून, जहाजावर पाय ठेवण्यापूर्वी द्यायची शेवटची रक्कम किती?" आणि ती लेखी घ्या. रद्द केल्यास किती दिवस आधी किती कापणार, तेही त्याच पत्रात.

बफे आणि मुख्य रेस्टॉरंटमधलं जेवण, पोहण्याचा तलाव, बहुतेक खेळ हे भाड्यात येतं. दारू, कोल्ड्रिंक, स्पा, वाय-फाय, काही खास शो, बंदरावरच्या सहली यांचे वेगळे पैसे. कसिनो असतो. मित्रमंडळींपैकी कुणाचा हात सैल आहे ते तुम्हाला ठाऊकच असेल.

जहाजावर रोख चालत नाही. चढताना जे कार्ड मिळतं तीच केबिनची किल्ली, तेच ओळखपत्र, तेच पाकीट. मुलांच्या कार्डावर खर्च बंद ठेवता येतो का, हे पहिल्या दिवशीच रिसेप्शनला विचारा. नाहीतर तेरा-चौदा वर्षांची भाचरं 'कार्ड दाखवलं की मिळतं' एवढंच शिकतात. ग्रुपचा हिशोब मात्र साधा ठेवा: प्रत्येक केबिनचा खर्च त्या केबिनचा. सामाईक फक्त टॅक्सी आणि गोव्यातलं जेवण.

4. कागदपत्रं

देशातल्या देशात फेरी असली तर पासपोर्ट लागत नाही, सरकारी फोटो ओळखपत्र पुरतं. लहान मुलांचंही लागतं, आधार नसेल तर काय चालेल ते आधी विचारा. तिकिटावरचं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव अक्षरशः एकच हवं. आपल्याकडे लग्नानंतरचं नाव एका कागदावर आणि माहेरचं दुसऱ्यावर हे घरोघरी असतं, तेव्हा बुकिंग करणाऱ्याने फोनवर नावं विचारू नयेत, कार्डाचे फोटो मागवावेत.

लक्षद्वीपला जायला भारतीयांनाही प्रवेश परवाना लागतो. क्रूझ असेल तर तो बहुधा कंपनीच काढून देते, पण त्यासाठीची माहिती आणि कागद पुष्कळ आधी द्यावे लागतात. एका माणसाचे कागद अडले की सगळ्या ग्रुपच्या फोनाफोनी सुरू होते.

गरोदर बायकांना साधारण 24 आठवड्यांनंतर आणि सहा महिन्यांखालच्या बाळांना बहुतेक क्रूझ कंपन्या घेत नाहीत. व्हीलचेअर लागणार असेल तर बुकिंगच्या वेळीच सांगायचं. नेहमीच्या केबिनचं दार अरुंद असतं आणि बाथरूमला उंबरठा.

5. बोट लागू नये म्हणून

मोठं जहाज फार हलत नाही, हे खरं. अजिबात हलत नाही, हे खोटं. त्रास होतो तो बहुधा पहिल्या रात्री, किनारा सोडल्यावर, भरल्या पोटी.

गोळी त्रास सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नाही, आधी घ्यायची. आपल्याकडे एव्होमिन घरोघरी माहीत आहे. तिने झोप येते, त्यामुळे पहिल्या संध्याकाळचा नाच-गाणं बघायचं की झोपायचं ते ठरवा. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांनी ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, आणि लहान मुलांनाही विचारल्याशिवाय देऊ नये. सोबत आलेपाक ठेवा, पाकीटबंद.

मळमळायला लागलं की लोक केबिनमध्ये जाऊन आडवे होतात आणि मोबाईल बघतात. त्याने वाढतं. बाहेर मोकळ्या हवेत यायचं, जहाजाच्या मधल्या भागात, आणि क्षितिजाच्या रेषेवर नजर ठेवायची. पोट रिकामं ठेवायचं नाही. कोरडी बिस्किटं, सुका भात, दही-भात चालतो. पहिल्या रात्री बफेतला प्रत्येक पदार्थ चाखायचा मोह आवरा, तोच बफे उद्याही आहे.

नेहमीच्या औषधांचे दोन संच करा, एक हातातल्या पिशवीत आणि एक दुसऱ्या माणसाकडे. जहाजावर डॉक्टर असतो, पण त्याची फी हॉटेलच्या दराने लागते आणि मधुमेहाची तुमचीच गोळी तिथे मिळेल असं नाही. प्रवास विमा काढताना क्रूझ त्यात येते का ते बघा.

6. बॅगा

इस्त्री, किटली, पाणी तापवायची कॉइल, एक्स्टेन्शन बोर्ड, चाकू, काडेपेटी, दारू यांतलं काही चालत नाही. आग ही जहाजावरची सगळ्यात मोठी भीती, म्हणून तपासणी कडक असते. बाहेरच्या खाण्यावरही बंधनं असतात. घरचा चिवडा आणि बेसनाचे लाडू डब्यात भरून नेणाऱ्यांनी कंपनीचा नियम आधी वाचावा, नाहीतर धक्क्यावरच सगळ्यांना वाटून संपवावे लागतात. शाकाहारी आणि जैन जेवण मुबलक मिळतं, त्याची काळजी नको.

मोठ्या बॅगा धक्क्यावरच घेतात आणि केबिनच्या दाराशी संध्याकाळपर्यंत आणून ठेवतात. तोवर लागणारं सगळं हातातल्या पिशवीत हवं: कागद, औषधं, मुलांचे पोहायचे कपडे, एक शाल. शाल थट्टेने लिहीत नाही. आतला एसी इतका गार असतो की पहिल्या रात्री सगळ्या मावश्या पदर गुंडाळून बसतात.

लोहचुंबकाचे हूक न्या, चार-सहा. केबिनच्या भिंती पत्र्याच्या असतात, त्यावर ते घट्ट चिकटतात. ओला टॉवेल, टोप्या, औषधांची पिशवी, सगळं भिंतीवर टांगता येतं आणि तेवढ्याशा जागेत पाय ठेवायला जमीन उरते. रबरी तळाच्या चपला हव्यात. डेक ओला असतो, आणि उंच टाचा घालून डुलत्या जिन्यावरून उतरणं ही सर्कस आहे.

7. बॅलार्ड पिअरला

मुंबईचं क्रूझ टर्मिनल बॅलार्ड पिअरला आहे, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून टॅक्सीने जवळ. भाऊच्या धक्क्याला जाऊ नका, टॅक्सीवाला 'बोट' ऐकून तिकडेच वळवतो. स्वतःची गाडी आणून तीन दिवस उभी करण्याच्या भानगडीत पडू नका. पुण्याहून येणारे सकाळी 7.15 ची डेक्कन क्वीन धरतात ते बरोबर करतात, साडेदहाच्या सुमाराला मुंबईत. लांबून येणाऱ्यांनी आदल्या दिवशीच मुक्कामाला यावं. जहाज एका कुटुंबासाठी थांबत नाही आणि चेक-इन सुटण्याच्या वेळेच्या बरंच आधी बंद होतं.

ऑनलाइन चेक-इन घरूनच करून ठेवा आणि सगळ्यांचे बोर्डिंग पास छापून एका फाइलमध्ये लावा, कुटुंबवार. फोनवर असतं हो, पण रांगेत ऐन वेळी आबांचा फोन बंद असतो.

8. पहिले तीन तास

चढल्या चढल्या सगळे बफेकडे पळतात. तुम्ही आधी सगळ्यांना घेऊन एकदा जहाज फिरा: केबिन, जेवायची जागा, रिसेप्शन, आणि भेटायचं एक ठरलेलं ठिकाण. मुलं केबिनचा नंबर विसरतात, आणि लांबच लांब बोळात सगळी दारं सारखीच. दाराला रंगीत चुंबक लावून ठेवला की तीन वर्षांच्या पोरालाही आपलं दार सापडतं.

मग सुरक्षेची कवायत. भोंग्याचे सात छोटे आणि एक लांब आवाज झाले की आपापल्या ठरलेल्या जागी जमायचं, तिथे लाइफ जॅकेट कसं घालायचं ते दाखवतात. कंटाळवाणं वाटतं, लोक आंघोळीचं निमित्त सांगून टाळतात. 2012 च्या जानेवारीत इटलीच्या किनाऱ्याजवळ कोस्टा काँकॉर्डिया खडकावर आदळलं आणि 32 माणसं गेली. त्याच दिवशी चढलेल्या प्रवाशांची कवायत तोवर झालेलीच नव्हती. त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियम बदलला, आता ती जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताक्षणी घ्यावीच लागते. आपल्या किनाऱ्यालाही हे नवं नाही. 17 जुलै 1947 ला भाऊच्या धक्क्याहून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट भर पावसात बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. कोकणातल्या कितीतरी घरांत तिची आठवण अजून निघते. तेव्हा आजीसकट सगळ्यांनी कवायतीला जायचं. लाइफ जॅकेटचा पट्टा बसत नसेल तर तिथल्या माणसाला सांगून बसवून घ्यायचा, आणि लहान मुलांच्या मापाची जॅकेटं केबिनमध्ये आहेत का ते विचारायचं.

जहाज सुटताना वरच्या डेकवर असा. गेटवे आणि ताज पाण्याकडून दिसतात, मग कुलाब्याच्या टोकाला प्राँग्जचं दीपगृह, आणि उजेड असला तर अलिबागच्या बाजूला खांदेरी-उंदेरी. त्यानंतर अंधार. सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग हे 2025 मध्ये खांदेरीबरोबरच जागतिक वारशात गेलेले जलदुर्ग याच वाटेवर आहेत, पण जहाज किनाऱ्यापासून लांबून आणि रात्री जातं, ते दिसत नाहीत. एजंट "कोकणचे किल्ले बघत जाल" म्हणाला तर हसून सोडून द्या. पूर्वीची कोकणची आगबोट हर्णै, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण असं थांबत थांबत जायची आणि प्रवासी होड्यांतून उतरायचे. ही बोट ती नव्हे.

9. जहाजावरचे दिवस

किनारा सुटला की थोड्याच वेळात मोबाईलची रेंज जाते. त्या आधी सगळ्यांचे फोन फ्लाइट मोडवर टाकायला लावा, नाहीतर ते जहाजाच्या उपग्रहावरच्या नेटवर्कला चिकटतात आणि घरी आल्यावर रोमिंगचं बिल येतं. वाय-फाय घेतलं तरी ग्रुपवर लिहिलेलं वीस जणांपर्यंत पोचेल या भरवशावर राहू नका.

मग माणसं सापडणार कशी? केबिनमध्ये फोन असतो, केबिन ते केबिन लावता येतो. सगळ्यांच्या केबिन नंबरांची चिठ्ठी प्रत्येकाच्या खिशात हवी. एका ठरलेल्या दारावर चुंबकाने कागद लावून ठेवा आणि सोबत पेन. "आम्ही नऊवर पत्ते खेळतोय", "आई झोपली आहे, उठवू नका", "सुमितला पाहिलं का?" हे सगळं त्या कागदावर चालतं. दुसऱ्या दिवसापर्यंत त्यावर उखाणेही येतात.

आणि एकच नियम करा: रात्रीचं जेवण सगळ्यांनी एकत्र, ठरलेल्या वेळी. बाकी दिवसभर कुणीही कुठेही. सकाळी आठला सगळ्यांनी योगाला यायचंच, अकराला सगळ्यांनी तंबोला, असं वेळापत्रक लावणारा एक तरी उत्साही माणूस प्रत्येक ग्रुपमध्ये असतो. त्याला प्रेमाने आवरा. जहाजावर लोक आपोआप भेटत राहतात, लिफ्टमध्ये, चहाच्या मशीनपाशी, तलावाच्या काठावर. न ठरवता झालेल्या या भेटींतच दोन जावा इतक्या वर्षांत बोलल्या नसतील एवढं बोलून घेतात. दिवसभराचं एकत्र बांधून ठेवलं की दुसऱ्या संध्याकाळी चिडचिड ठरलेली.

रात्रीच्या जेवणासाठी मोठ्या टेबलाची व्यवस्था पहिल्याच दिवशी सांगून ठेवा. ऐन वेळी वीस खुर्च्या एकत्र मिळत नाहीत. सकाळी नाश्त्याला नऊला जत्रा असते, साताला गेलात तर गरम डोसा आणि खिडकीजवळची जागा दोन्ही मिळतात. बफेच्या दाराशी हात धुवायची सोय असते ती नटवायला ठेवलेली नाही. इतक्या माणसांत पोट बिघडण्याची साथ फार लवकर पसरते, मुलांचे हात तुमच्यासमोर धुवून घ्या.

तलाव छोटा असतो, दुपारी माणसांनी भरतो. मुलांना सकाळी उठवून न्या. मुलांसाठी वेगळी खोली आणि खेळ असतात, तिथे सोडून जाताना वयाची अट आणि वेळ विचारा. तलावावर आणि कठड्याजवळ लहान मुलांपाशी एक मोठं माणूस नाव घेऊन नेमलेलं हवं. "सगळे आहेत की" म्हणजे कुणीच बघत नाही.

10. बंदरात उतरताना

मुरगावला जहाज धक्क्याला लागतं, चालत उतरता येतं. मुरगाव म्हणजे वास्कोच्या टोकाला. तिथून कळंगुट-बागा गाठून परत यायचं म्हटलं तर अर्धा दिवस गाडीतच जाईल. जवळचं निवडा. बोगमाळोचा किनारा अर्ध्या तासावर, आणि त्याच रस्त्यावर नौदलाचं विमान संग्रहालय आहे, मुलं खूश होतात (सोमवारी बंद असतं). जुन्या गोव्यातली चर्च किंवा मंगेशी ही तासाभराच्या अंतरावर. कुलदैवत गोव्यात असेल तर घरचे ज्येष्ठ तिथेच जाणार म्हणतील, आणि जावंच. तेवढी एकच गोष्ट ठरवा, सोबत माशाचं ताट, आणि परत. टॅक्सी आदल्या दिवशी सांगून ठेवलेली बरी, धक्क्यावर एकदम हजार-दीड हजार माणसं उतरतात तेव्हा भाव चढतात.

परत चढायची वेळ सुटण्याच्या वेळेच्या आधीची असते, ती वाचून सगळ्यांच्या चिठ्ठीवर लिहा. कंपनीच्या सहलीला उशीर झाला तर जहाज सहसा थांबतं, तुमच्या टॅक्सीसाठी थांबत नाही. उतरताना खरं ओळखपत्र आणि थोडे पैसे जवळ असू द्या. जहाज चुकलंच तर वास्कोहून रेल्वेने किंवा दाबोळीहून विमानाने घरी येता येतं.

लक्षद्वीपला तऱ्हा वेगळी. बेटांभोवती प्रवाळाचा कडा असतो, मोठं जहाज बाहेरच थांबतं आणि छोट्या बोटींतून नेतात. जहाजाच्या दारातून हलत्या बोटीत पाय टाकायचा असतो. खलाशी दोन्ही हात धरतात, तरी ज्यांचे गुडघे गेलेत त्यांनी विचार करावा. कुणी एकाने जहाजावरच मागे राहायचं ठरवलं तर त्याच्या सोबतीला कुणीतरी ठेवा, आणि त्या दिवशी रिकामा तलाव त्यांचाच. लाटा जास्त असल्या तर बेट रद्द होतं. कप्तानाशी भांडून उपयोग नसतो. बंगारम सोडता लक्षद्वीपात दारूबंदी आहे. आणि किनाऱ्यावर पडलेला प्रवाळाचा तुकडा कितीही सुंदर दिसला तरी उचलून आणणं हा वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे, मुलांच्या खिशात हात घालून बघा.

11. शेवटची रात्र आणि उतरणं

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा खुणेची चिठ्ठी लावून दाराबाहेर ठेवायच्या असतात, सकाळी त्या थेट टर्मिनलवर मिळतात. त्या आधी उद्याचे कपडे, चपला आणि दात घासायचा ब्रश बाहेर काढा. पायजम्यावर उतरणारा एक तरी सद्गृहस्थ दर वेळी दिसतो.

बिल आदल्या रात्रीच बघून घ्या. सकाळी रिसेप्शनसमोर रांग लागते आणि कुणाच्या तरी कार्डावर न घेतलेलं कोल्ड्रिंक असतंच. चूक असेल तर शांतपणे दाखवा, बहुधा काढून टाकतात. ज्याने केबिन नीट ठेवली त्या माणसाला वेगळी टीप द्यायची असेल तर पाकिटावर नाव घालून त्याच्या हातात द्या.

उतरल्यावर जमीन हलल्यासारखी वाटते. एखाद-दुसऱ्या दिवसात जातं, पण म्हणून त्या दिवशी पुणे-नाशिकची गाडी स्वतः चालवत जाऊ नका. टर्मिनलच्या दाराशी टॅक्सीसाठी झुंबड असते, थोडं चालून फोर्टच्या बाजूला आलात की सहज मिळते. सामाईक खर्चाचा हिशोब त्याच आठवड्यात ग्रुपवर टाका, पावत्यांचे फोटो लावून.